ऊस, चेंडू आणि त्रिनिदाद

वारसा म्हणजे वाडवडिलांच्या हातून जशीच्या तशी आपल्या हातीं आलेली चीज, असा समज आपल्या सुशिक्षित कुटुंबांत पुष्कळ रूढ आहे. मिरजेंत राहणाऱ्या मनुष्यास तो फार काळ बाळगतां येत नाहीं. ज्या घराण्यांच्या हातचे तंबोरे व सतारी आज देशभर नांवाजल्या जातात, तीं येथील घराणीं मूळचीं सिकलगारांचीं. तलवारी व भाले घडविणें, त्यांस धार लावणें, हा त्यांचा पिढीजात धंदा. एकोणिसाव्या शतकांत शस्त्रांची मागणी ओसरली, आणि फरीदसाहेब सिकलगार यांच्यासारख्या कारागिरांनीं तोच हात भोपळ्याकडे व तारेकडे वळविला. हत्यार गेलें, हात राहिला. पुढच्या पिढ्यांनीं या वाद्यविद्येस आपला वारसा म्हटलें तें यथार्थच होय. पण हा वारसा कोणीं कोणास दिला, याचें उत्तर वंशावळींत सांपडत नाहीं.

हा दाखला आम्हीं आरंभींच घेतला याचें कारण असें कीं, पुढें ज्या गोष्टी सांगावयाच्या आहेत त्यांतही हात एका कामांतून दुसऱ्या कामांत गेलेले आहेत, आणि त्या मिरजेहून फार दूर घडल्या आहेत. दक्षिण अमेरिकेच्या उत्तर किनाऱ्यास जवळजवळ टेकलेलें त्रिनिदाद नांवाचें एक बेट आहे. त्याचें क्षेत्रफळ ४,८०० चौरस किलोमीटरांच्या आसपास. म्हणजे आमच्या सांगली जिल्ह्याच्या निम्म्याहून थोडें अधिक. क्रिकेटचा सामना पाहण्याच्या निमित्तानें अलीकडे आपल्याकडील सुखवस्तु मंडळी त्या बाजूस जाऊं लागलीं आहेत. विमानाचें भाडें, हॉटेल, सामन्याचें तिकीट व समुद्रकांठचा एक दिवस हें सर्व एकत्र बांधून विकणाऱ्या कंपन्याही निघाल्या आहेत. या प्रवासास आमचा विरोध नाहीं. परंतु ज्या बेटावर आपण चार दिवस पाहुणे म्हणून उतरतों तेथें आपले कोणी आहेत काय, आणि असल्यास ते कोणत्या नात्यानें, एवढें तरी जाणाऱ्यानें ठाऊक करून घ्यावें.

त्रिनिदादमध्यें हिंदी वंशाचे लोक आहेत हें पुष्कळांस ऐकून माहीत असतें. ते कसे गेले हें मात्र थोड्यांस माहीत असतें. १७९७ सालीं हें बेट स्पेनकडून इंग्रजांनीं घेतलें. तेथील उसाचे मळे आफ्रिकेंतून धरून आणलेल्या गुलामांच्या श्रमावर चालत. १८३४ सालीं गुलामगिरी कायद्यानें बंद झाली आणि उमेदवारीच्या नांवाखालीं चाललेली सक्तीही १८३८ त संपली. मोकळे झालेले लोक त्याच मळ्यांत त्याच मालकाखालीं राबण्यास नाखूष होते, यांत नवल नव्हे. तेव्हां मळेवाल्यांची दृष्टि हिंदुस्थानाकडे वळली. ३० मे १८४५ रोजीं 'फतेल रझाक' नांवाचें जहाज कलकत्त्याहून निघून सुमारें सव्वादोनशें मजुरांसह पोर्ट ऑफ स्पेनच्या बंदरांत दाखल झालें. तेथपासून १९१७ पर्यंत त्या एका बेटावर अदमासें १ लक्ष ४३ हजार माणसें गेलीं. पांच वर्षें मळ्यावर राबण्याचा जो करार त्यांजकडून करून घेत त्यास ते आपल्या बोलींत 'गिरमिट' म्हणत. करार मोडल्यास शिक्षा होई ती नुसत्या दंडाची नव्हे, तर तुरुंगाचीही.

कृष्णाकांठच्या वाचकास हें चित्र अगदींच परकें वाटूं नये. आमच्या भागांतील साखर कारखान्यांचा हंगाम सुरू झाला कीं मराठवाड्यांतून ऊसतोडीच्या टोळ्या येतात. नवराबायकोच्या जोडीस मिळून 'एक कोयता' म्हणतात, आणि मुकादमाकडून आगाऊ घेतलेल्या पैशास 'उचल'. फेडली नाहीं तर पुढचा हंगाम त्या उचलीनेंच बांधलेला. गिरमिट व उचल यांची बरोबरी आम्ही करीत नाहीं. एकामागें परक्या सरकारचा कायदा होता, दुसरीमागें केवळ गरज आहे. पण ज्या गोडव्यावर आमच्या जिल्ह्याची भरभराट झाली त्याची किंमत कोण देतो हा प्रश्न त्रिनिदादच्या इतिहासानें आमच्यापुढें उभा केला, तर तो टाळून पुढें जाणें प्रामाणिकपणाचें होणार नाहीं.

या गिरमिट्यांत मराठी माणसें किती होतीं? फारच थोडीं. त्रिनिदादचीं जहाजें मुख्यतः कलकत्त्याहून सुटत, कांहीं मद्रासेहून; आणि मजुरांचा मोठा भरणा बिहार व संयुक्त प्रांताचा पूर्वभाग येथील भोजपुरी व अवधी बोलणाऱ्या जिल्ह्यांचा. मराठी माणूस मुंबई बंदरांतून मॉरिशसला गेला. तेथें त्याचे वंशज आजही आहेत, गणपति बसवितात, आणि मराठी तेथील शाळांतून शिकविली जाते. तेव्हां वेस्ट इंडीजमध्यें मराठी घराचा वारसा शोधूं गेल्यास उसाच्या वाटेनें कांहीं हातीं लागत नाहीं. तो शोधावा लागतो चेंडूच्या वाटेनें.

क्रिकेट हा त्या बेटांवर मळेवाल्यांचा व अंमलदारांचा खेळ म्हणून आला. गोऱ्यांच्या क्लबांत काळ्या माणसाचें काम नेटमध्यें चेंडू टाकून साहेबास सराव देण्याचें. तेथून तो खेळ घराघरांत कसा शिरला याचें त्रिनिदादमधील कॉन्स्टंटाईन घराण्याइतकें बोलकें उदाहरण दुसरें नाहीं. लेब्रन कॉन्स्टंटाईन हे कोकोच्या मळ्यावरील मुकादम. त्यांचे पूर्वज गुलाम. ते १९०० व १९०६ सालीं वेस्ट इंडीजच्या संघाबरोबर इंग्लंडला गेले. त्यांचे मेहुणे व्हिक्टर पास्कल १९२३ च्या दौऱ्यावर होते, आणि त्याच दौऱ्यावर लेब्रन यांचे चिरंजीव लिअरी हेही होते. हेच लिअरी पुढें जगप्रसिद्ध झाले व अखेरीस इंग्लंडच्या उमरावसभेंत बसले. या घराण्यास क्रिकेटचा वारसा कोणा गोऱ्यानें मृत्युपत्रांत लिहून दिला नव्हता. अंगणांत आईबापांनीं व मामानें मिळून मुलांना चेंडू टाकला, इतकेंच.

हिंदी वंशाच्या मळेकरी कुटुंबांत हा खेळ जरा उशिरां शिरला. शिरला तेव्हां मात्र त्यानें एक विलक्षण माणूस दिला. १९२९ सालीं दक्षिण त्रिनिदादमधील एका खेड्यांत जन्मलेले सॉनी रामाधीन १९५० त वेस्ट इंडीजच्या संघांत निवडले गेले. कसोटी सामना खेळणारे ते हिंदी वंशाचे पहिले वेस्ट इंडियन. त्याच उन्हाळ्यांत लॉर्ड्सवर वेस्ट इंडीजनें इंग्लंडास इंग्लंडांत प्रथमच हरविलें, त्या विजयांत त्यांचा मोठा वांटा होता. बाह्या मनगटापर्यंत बंद, एकाच हालचालींतून चेंडू डावीकडे वळेल कीं उजवीकडे हें फलंदाजास कळत नसे. परंतु आमच्या विषयास याहून महत्त्वाची गोष्ट निराळीच आहे. रामाधीन यांच्या जन्माच्या दाखल्यावर नांवच नव्हतें. वसाहतीच्या दफ्तरांत नांवाच्या जागीं केवळ 'मुलगा' अशी नोंद होती. 'सॉनी' हें हांक मारण्याचें नांव. इंग्लंडला जातांना आद्याक्षरें हवींत म्हणून 'के. टी.' हीं दोन अक्षरें कोणीं तरी चिकटवून दिलीं, आणि तीं पुष्कळ वर्षें छापलीं गेलीं. आपल्याकडे सात पिढ्यांचीं नांवें श्राद्धाच्या दिवशीं घडाघडा म्हणणारीं घरें आहेत. त्यांनीं क्षणभर ही नोंद डोळ्यांपुढें आणावी.

आतां सांगलीकडे वळूं. विजय हजारे यांचा जन्म ११ मार्च १९१५ चा, सांगलीचा. मराठी ख्रिस्ती कुटुंब, वडील शाळामास्तर, भावंडें आठ. वर्गांत आम्हीं कधीं विचारिलें कीं हजारे कोण, तर विद्यार्थी एका चषकाचें नांव सांगतात. आणि फार झालें तर कोणी बडोदें म्हणतो. बडोद्यास त्यांनीं आयुष्य घालविलें व २००४ सालीं तेथेंच देह ठेविला, हें खरें. देवास संस्थानच्या महाराजांनीं त्यांस आश्रय दिला व क्लॅरी ग्रिमेट या ऑस्ट्रेलियन फिरकी गोलंदाजास त्यांचा गुरु म्हणून आणविलें, हेंही खरें. तथापि मिरज-सांगलीच्या तरुणांस तो माणूस आपल्या मातींतला आहे हें ठाऊक नसावें याचा आम्हांस विषाद वाटतो.

त्या काळीं मुंबईस जे पंचरंगी सामने होत त्यांत संघ धर्मावरून पडत: हिंदु, मुसलमान, पारशी, युरोपियन आणि 'इतर'. ख्रिस्ती, ज्यू, अँग्लो-इंडियन हे सारे या पांचव्या खान्यांत. हजारे 'इतर' संघांतून खेळत. १९४३ च्या अंतिम सामन्यांत हिंदु संघापुढें 'इतरां'चा पहिला डाव कोसळला, आणि दुसऱ्या डावांत जमलेल्या एकूण ३८७ धावांपैकीं ३०९ एकट्या हजाऱ्यांच्या होत्या. यांत एक घरगुती प्रकरण आहे तें आम्हांस त्या ३०९ पेक्षांही प्रिय आहे. दुसऱ्या टोंकास त्यांचे बंधु विवेक हजारे उभे होते. दोघांनीं मिळून ३०० धावांची भर घातली, त्यांत विवेक यांच्या धावा अवघ्या २१. धावफलक पाहणारा २१ हा आंकडा पाहून हंसेल. आमच्या मतें त्या दिवशीं हजारे घराण्याच्या नांवावर लागलेल्या धावांची वांटणी करणें हेंच मुळांत चूक आहे.

हेच हजारे पुढें हिंदुस्थानचे कर्णधार झाले. फेब्रुवारी १९५२ मध्यें मद्रासेस इंग्लंडवर देशानें पहिला कसोटी विजय मिळविला तो त्यांच्या नेतृत्वाखालीं. आणि त्याच सालच्या अखेरीस ते ज्या संघास घेऊन निघाले तो वेस्ट इंडीजला जाणारा पहिला भारतीय संघ होता. या संघाकडे आमच्या भागाच्या नजरेनें एकवार पाहावें. कर्णधार सांगलींत जन्मलेले. दत्तू फडकर यांचा जन्म कोल्हापूरचा, जयसिंगराव घोरपडे यांचा पांचगणीचा. शिवाय विजय मांजरेकर, माधव आपटे, दत्ताजीराव गायकवाड, चंद्रशेखर गडकरी, नाना जोशी, आणि मुंबईचे तेवीस वर्षांचे फिरकी गोलंदाज सुभाष गुप्ते. कोल्हापूर-सांगलीच्या बाजारांत जी बोली ऐकूं येते तीच पोर्ट ऑफ स्पेनच्या तंबूंत ऐकूं येत असली पाहिजे.

त्रिनिदादच्या हिंदी लोकांस या आगमनाचें काय वाटलें असेल याची कल्पना आज करणें थोडें अवघड आहे. त्यांच्या आजोबा-पणजोबांनीं जो देश सोडला तो परतंत्र होता. तेथून आजवर जीं जहाजें आलीं त्यांत मजूर आले, पुढें कांहीं व्यापारी व धर्मोपदेशक आले. १९५३ च्या जानेवारींत प्रथमच त्या देशाच्या नांवानें, स्वतंत्र देशाचें निशाण घेऊन, अकरा माणसें शुभ्र कपड्यांत त्यांच्या बेटावर खेळावयास उतरलीं. आणि जे गोरे साहेब उसाच्या कचेरींत कराराचा कागद पुढें करीत त्यांच्याच खेळांत उतरलीं. क्वीन्स पार्क ओव्हलवर त्या वेळीं मातीच्या खेळपट्टीऐवजीं तागाची चटई अंथरीत. तिच्यावर २१ जानेवारीस पहिला सामना सुरू झाला. पॉली उम्रीगर यांनीं १३० धावा केल्या. संघाच्या ४१७ झाल्या. वेस्ट इंडीजच्या एव्हर्टन वीक्स यांनीं उत्तरादाखल २०७ काढल्या. पण त्याच डावांत गुप्ते यांनीं १६२ धावांत ७ बळी घेतले. आणि हिंदुस्थानच्या विरुद्ध बाजूनें चेंडू टाकीत होते ते रामाधीन! प्रेक्षकांतील ऊसमळ्यावरच्या म्हाताऱ्यानें टाळी कोणासाठीं वाजवावी? बापाच्या देशासाठीं कीं शेजारच्या खेड्यांतील पोरासाठीं? हा पेंच आपल्यांतील कोणासही पडलेला नाहीं, म्हणून त्यांच्या निष्ठेविषयीं इकडे बसून निवाडा देण्याचा अधिकारही आपणांस नाहीं असें आम्ही समजतों.

मालिका हिंदुस्थाननें एका सामन्यानें गमावली. ब्रिजटाऊन येथें विजयास २७२ धावा हव्या असतां संघ १२९ त आटोपला. रामाधीन यांनीं २६ धावांत ५ गडी बाद केले. बाकीचे चार सामने अनिर्णित राहिले. त्या बलाढ्य संघापुढें, तोही त्याच्या घरीं, हें कमी नव्हतें. संघाच्या क्षेत्ररक्षणाची तिकडे फार वाखाणणी झाली. माधव आपटे यांनीं पोर्ट ऑफ स्पेनच्या दुसऱ्या भेटींत नाबाद १६३ काढल्या आणि एकंदर मालिकेंत ४६०. यानंतर त्यांस एकही कसोटी मिळाली नाहीं, याचें समाधानकारक कारण आजवर कोणीं दिलेलें नाहीं. किंग्स्टनला पंकज रॉय व मांजरेकर यांनीं २३७ धावांची भागी केली. हजारे यांची स्वतःची फलंदाजी मात्र त्या दौऱ्यांत फुलली नाहीं. कप्तानपणाचें ओझें त्यांच्या सौम्य स्वभावास मानवलें नाहीं असें त्यांच्या मित्रांनींच म्हटलें आहे. किंग्स्टनचा सामना हा त्यांचा अखेरचा कसोटी सामना ठरला. सांगलींत सुरू झालेली वाट कॅरिबियन समुद्राच्या कांठीं येऊन थांबली.

सुभाष गुप्ते यांची वाट तेथेंच सुरू झाली. मालिकेंत त्यांस २७ बळी मिळाले, आणि त्याच दौऱ्यांत जिच्याशीं पुढें त्यांचा विवाह झाला त्या त्रिनिदादच्या तरुणीची व त्यांची ओळख झाली. पुढील आठ वर्षें हा किडकिडीत मुंबईकर जगांतील उत्तम लेगस्पिन गोलंदाजांत गणला गेला. १९५८ च्या डिसेंबरांत कानपूर येथें वेस्ट इंडीजचे ९ गडी त्यांनीं १०२ धावांत बाद केले. गारफील्ड सोबर्स यांनीं आपण पाहिलेल्या लेगस्पिन गोलंदाजांत गुप्ते यांस अखेरपर्यंत अग्रस्थान दिलें. शेन वॉर्न पाहिल्यावरही त्यांनीं मत बदललें नाहीं. ३६ कसोट्या, १४९ बळी.

मग १९६१ चा डिसेंबर आला. दिल्लीच्या सामन्याच्या वेळीं हॉटेलांत गुप्ते ज्या खोलींत उतरले होते तेथून त्यांच्या सोबत्यानें हॉटेलच्या एका नोकर बाईस दूरध्वनी केला. तिनें तक्रार केली. खोली दोघांची, म्हणून शिक्षा दोघांस. गुप्ते यांनीं कांहीं केलें असा आरोपही नव्हता. सोबत्यास त्यांनीं आवरलें कां नाहीं, एवढाच त्यांच्यावर ठपका. पुढच्या महिन्यांत संघ वेस्ट इंडीजला निघाला, त्यांत त्यांचें नांव नव्हतें. म्हणजे ज्या बेटावर त्यांचें नांव झालें, जेथें त्यांची सासुरवाडी होती, नेमका तेथला दौरा त्यांस नाकारला गेला. वय अवघें बत्तीस. ते पुन्हां हिंदुस्थानच्या वतीनें खेळले नाहींत. त्यांनीं बिऱ्हाड त्रिनिदादला हलविलें.

या प्रकरणावर क्रिकेटच्या अभ्यासकांनीं पुष्कळ लिहिलें आहे. नियामक मंडळाच्या न्यायबुद्धीची चिकित्सा आम्ही पुन्हां करीत नाहीं. आम्हांस दिसतें तें घर. मराठी आडनांवाचें एक घर त्रिनिदादमध्यें उभें राहिलें, त्याचा पाया करारानें घातला नाहीं, उसानें घातला नाहीं. चेंडू वळविण्याच्या एका कसबानें व एका लग्नानें घातला. देशानें दार लावून घेतलें तेव्हां दुसरें दार उघडें होतें, कारण तेथील लोकांनीं नऊ वर्षांपूर्वीं त्यास आपला म्हटलें होतें. त्या घरांत पुढें मराठी बोलली गेली कीं नाहीं, हा प्रश्न आमचे कांहीं स्नेही मोठ्या कळकळीनें विचारतात. भोजपुरीचें उदाहरण समोर असतां तो विचारण्यांत फारसा अर्थ नाहीं. लाखावर माणसांनीं नेलेली बोली तीन-चार पिढ्यांत रोजच्या व्यवहारांतून लोपली. लग्नांतलीं गाणीं, सैंपाकघरांतले शब्द व पूजेचे मंत्र एवढें उरलें. एका घराकडून आपण काय अपेक्षा ठेवावी?

भाषा गेली तरी नांवें राहतात, आणि नांवांचा प्रवास एका दिशेनेंच होतो असें नाहीं. १९७१ सालीं अजित वाडेकर यांचा संघ वेस्ट इंडीजला गेला. किंग्स्टनच्या पहिल्या सामन्यांत मडगांवच्या दिलीप सरदेसाई यांनीं २१२ धावा करून डाव सांवरला. पोर्ट ऑफ स्पेन येथें हिंदुस्थाननें वेस्ट इंडीजवर आपला पहिला विजय मिळविला, आणि तेथेंच सुनील गावसकर यांनीं कसोटींत पदार्पण केलें. चार सामन्यांत त्यांनीं ७७४ धावा केल्या. त्रिनिदादचे शाहीर, ज्यांस तिकडे कॅलिप्सो गाणारे म्हणतात, त्यांच्यांतील लॉर्ड रिलेटर यांनीं या मुंबईच्या पोरावर कवनच रचलें. आपल्या संघास झोडणाऱ्या परक्याचा पोवाडा गावा, हा दिलदारपणा आमच्याकडील शाहिरींत शोधावा लागेल. गावसकरांनींही त्याची फेड आपल्या घरांत केली. गयानामधील पोर्ट मूरंट या ऊसमळ्याच्या गांवीं जन्मलेले, गिरमिट्यांचे वंशज रोहन कन्हाई हे त्यांचे आवडते फलंदाज. १९७६ त मुलगा झाला त्याचें नांव त्यांनीं रोहन ठेविलें. कलकत्त्याच्या धक्क्यावरून गेलेल्या कोणा अनामिक मजुराच्या नातवा-पणतवाचें नांव अशा रीतीनें एका मराठी घरांत आलें, आणि योगायोग असा कीं तो रोहन गावसकर पुढें खेळला तोही बंगालकडून.

आतां प्रवासाविषयीं. २००७ सालीं विश्वचषक वेस्ट इंडीजमध्यें झाला. पोर्ट ऑफ स्पेन येथें भारत बांगलादेशाकडून व मग श्रीलंकेकडून हरला आणि पहिल्याच फेरींत बाहेर पडला. पुढच्या सामन्यांसाठीं निघालेल्या पुष्कळ भारतीय प्रवाशांनीं आपले बेत रद्द केले. संघ गेला म्हणजे बेटांत पाहण्याजोगें कांहीं उरलें नाहीं, असाच त्याचा अर्थ. आम्हांस विचाराल तर त्याच वेळीं खरी सवड होती. पोर्ट ऑफ स्पेनच्या बंदरासमोर नेल्सन नांवाचें चिमुकलें बेट आहे. १८६६ पासून १९१७ पर्यंत प्रत्येक जहाजांतील मजुरांस प्रथम तेथें उतरवीत, तपाशीत, आणि मग मळ्यांत वांटीत. तें पाहावें. पश्चिम किनाऱ्यावर वॉटरलू येथें समुद्रांत बांधलेलें एक देऊळ आहे तें पाहावें. शिवदास साधु नांवाच्या मजुरानें १९४७ सालीं साखर कंपनीच्या जमिनीवर देऊळ बांधलें. कंपनीनें तें पाडविलें व त्यास तुरुंगांत धाडलें. जमीन कंपनीची असेल, समुद्र तर कोणाचा नाहीं, असें म्हणून त्यानें सायकलीवरून दगडमाती वाहून समुद्रांत भर घातली आणि पंचवीस वर्षें खपून तेथें पुन्हां देऊळ उभारलें. कॅरोनीचे मळे आतां उसाशिवाय आहेत. सरकारी साखर कंपनी २००३ त बंद झाली व थोड्याच वर्षांत साखरेचें उत्पादनही थांबलें. ज्या पिकासाठीं दीड लाख माणसें समुद्रापार नेलीं तें पीक गेलें, माणसें आहेत.

दरसाल ३० मे हा दिवस त्रिनिदादमध्यें 'फतेल रझाक'च्या आगमनाचा दिवस म्हणून सार्वजनिक सुट्टीनें पाळला जातो. सुभाष गुप्ते यांचें निधन पोर्ट ऑफ स्पेन येथें झालें तें ३१ मे २००२ रोजीं, या दिवसाच्या दुसऱ्या दिवशीं. भारतीय संघ तेव्हां वेस्ट इंडीजमध्येंच दौऱ्यावर होता.

जून २०२४ मध्यें ब्रिजटाऊनला, जेथें हजाऱ्यांचा संघ १२९ त आटोपला होता त्याच गांवीं, भारतानें वीस षटकांचा विश्वचषक दक्षिण आफ्रिकेस ७ धावांनीं हरवून जिंकला, आणि मग चक्रीवादळामुळें विमानतळ बंद पडून विजयी संघ व त्याच्यामागें गेलेलीं प्रवासी मंडळी कांहीं दिवस तेथेंच अडकून पडलीं. त्या सामन्याचें वर्णन घरोघर पाठ आहे. तें येथें पुन्हां देण्याची गरज नाहीं. त्यापूर्वींचा एक सामना मात्र सांगलीकरांनींही म्हणावा तितका ध्यानांत ठेविलेला नाहीं. गयानाच्या राजधानीजवळ प्रॉव्हिडन्स येथें भारत सरकारच्या मदतीनें बांधलेलें एक मैदान आहे. ज्या वसाहतींत १८३८ सालीं, त्रिनिदादच्याही सात वर्षें अगोदर, गिरमिट्यांचीं पहिलीं जहाजें लागलीं तीच ही भूमि. १७ नोव्हेंबर २०१८ रोजीं स्त्रियांच्या विश्वचषकांत भारताची ऑस्ट्रेलियाशीं तेथें गांठ पडली. सलामीस आली ती मुंबईस जन्मलेली पण लहानपणापासून सांगलींत वाढलेली स्मृति मंधाना. तिचे वडील सांगली जिल्ह्याकडून खेळलेले, वडील भाऊ महाराष्ट्राच्या सोळा वर्षांखालील संघांत. भावाचा सराव पाहतां पाहतां हिनें हातीं बॅट घेतली. त्या दिवशीं तिनें ५५ चेंडूंत ८३ धावा केल्या आणि भारत ४८ धावांनीं जिंकला.